गाडी उचलायची घाई आणि पाट्यांची साफसफाई : फोर बाय फोरवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात पावसाळ्याच्या तोंडावर ऑफरोडला जाण्याआधी गाडीत काय काय बघायचं ते लिहिलं होतं, त्यात सस्पेन्शनवर जेमतेम चार ओळी होत्या. त्या चार ओळींवर एवढे प्रश्न आले की हा अख्खा अंक त्यालाच दिलाय. बहुतेकांना एकच विचारायचंय, गाडी किती इंच उचलू, म्हणजे सस्पेन्शनमधे बदल करून तिची उंची किती वाढवू. नावं छापत नाही, गाव तेवढं देतोय.

दादा नमस्कार, माझं वय २६, सेकंडहँड जिप्सी घेतलीय, २०१२ मॉडेल. राजमाचीच्या वाटेवर मी दोनदा अडकलो आणि ग्रुपमधल्या दोन जिप्स्या आरामात निघून गेल्या. त्या दोघांनी स्प्रिंग ओव्हर करून घेतलंय, म्हणजे स्प्रिंगचे पाटे ॲक्सलच्या खालून वर घेतलेत, गाड्या पाच इंच उंच आहेत. माझा गॅरेजवाला म्हणतो दोन दिवसात करून देतो. करू का? (पुणे)

मित्रा, आधी मला हे सांग की तू अडकलास कशाला. म्हणजे गाडीखाली जाऊन बघितलंस का? ॲक्सलचं हौसिंग, म्हणजे त्याचं लोखंडी कवच, दगडावर बसलं होतं, का एक चाक हवेत उचललं जाऊन तिथल्या तिथे फिरत होतं, का मधे चासी टेकली होती? या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचं औषध वेगळं आहे, पण गॅरेजमधे तिघींवर एकच गोळी देतात.

हौसिंग टेकत असेल तर कितीही लिफ्ट कर, एक मिलिमीटरचा फरक पडणार नाही, कारण जिप्सीला पुढे मागे अख्खा ॲक्सल आहे आणि तो चाकांवर बसलाय, चासी वर गेली तरी ॲक्सल तिथंच राहतो. त्याला वर आणतं फक्त टायर. तुझा कंपनीचा २०५/७० आर १५ टायर साधारण ६६८ मिलिमीटर उंच आहे, २३५/७५ आर १५ घातलास तर तो ७३३ होतो, त्यातला निम्मा फरक हौसिंगखाली मिळतो म्हणजे ३३ मिलिमीटरच्या आसपास, सव्वा इंचाहून थोडं जास्त. ऐकायला कमी वाटतं पण दगडात सव्वा इंच फार असतो. त्याची किंमत अशी की गिअरिंग जवळजवळ दहा टक्क्यांनी लांब होतं, चढाला गाडी मरगळल्यासारखी वाटते आणि काटा ६० दाखवत असेल तेव्हा तू खरा ६६ च्या पुढेमागे असतोस.

चाक हवेत जात असेल तर प्रश्न उंचीचा नाहीच, पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, वाकत नाहीयेत हा आहे. बारा वर्षांपेक्षा जुनी गाडी, पाट्यांचा गठ्ठा कधी उघडलाय का कुणी? एकदा उघडून बघ आणि स्वतः तिथं उभा राहा. सी क्लॅम्प लावल्याशिवाय सेंटर बोल्टला हात लावू देऊ नको, नाहीतर पाटे फडकन सुटतात आणि बोटं जातात. उघडल्यावर दिसेल की आतमधे लाल गंजाची पूड भरलीय, आणि प्रत्येक आखूड पाट्याच्या टोकाने वरच्या पाट्याच्या पोटात खाच पाडलीय, नखाने लागते. गाडी वळवळायला लागली की टोक त्या खाचेत अडकतं, मग पाटा सरकतच नाही, सगळा गठ्ठा एका जाड पट्टीसारखा वागतो. टोकं ग्राइंडरने गोल करून घ्यायची, पाटे वायर ब्रशने घासून ग्रॅफाइट ग्रीस लावायचं, टोकाला नायलॉनचे पातळ तुकडे बसवले तर अजून चांगलं, पाट्याच्या टोकाच्या गोल डोळ्यांतले रबरी बुश नवीन, शॅकलच्या, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या, पिना हाताने हलतील अशा. आणि बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना कचकचून आवळायचे नाहीत, गाडी चारही चाकांवर उभी करून मगच फायनल आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. एवढ्या कामाने जिप्सी जी मऊ होते ती मी चार पाच गाड्यांवर बघितलीय, मालकाला वाटतं पाटे बदलले.

आता स्प्रिंग ओव्हरबद्दल. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खाली असतात, ते वर घेतले की पाचेक इंच उंची आपोआप मिळते, नवीन पाटे घ्यावे लागत नाहीत म्हणून ते स्वस्त वाटतं. पण त्याच्या मागून जी वरात येते ती कुणी सांगत नाही. पाट्याची बैठक ॲक्सलच्या वरच्या बाजूला वेल्ड करावी लागते, ती बरोबर कोनात पाहिजे आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ॲक्सलची नळी वाकता कामा नये. स्टिअरिंगची ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगची हालचाल चाकाकडे नेणारी दांडी, पाट्याला आपटते, म्हणून वाकडी केलेली लिंक किंवा स्टिअरिंगची सगळी मांडणीच वर न्यावी लागते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, जॉईंट क्रॉस लवकर जातात, शाफ्ट लांब करावे लागतात. ब्रेकचे होज लांब पाहिजेत, शॉकॲब्सॉर्बर लांब पाहिजेत. पाटा वर गेल्यामुळे ॲक्सलला पिळायला जास्त जागा मिळते, लो गिअरमधे जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटा इंग्रजी एस सारखा वाकतो आणि चाक टपटप उड्या मारतं, त्यासाठी ॲक्सलचं पिळणं रोखणारा ट्रॅक्शन बार लावावा लागतो. हे सगळं जो दोन दिवसात करतो म्हणतो तो यातलं अर्धं करणार नाहीये एवढं नक्की.

मी स्वतः यातून गेलोय म्हणून एवढं लिहितोय. माझ्या पहिल्या जिप्सीला एका गॅरेजमधे लांब शॅकल लावून घेतली होती, दोन इंच लांब शॅकल लावलं की गाडी उचलते फक्त एक इंच, तेही मला तेव्हा माहीत नव्हतं. जिप्सीला पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं, ते लांब केलं की ॲक्सल नाकावर झुकतो आणि कॅस्टर कमी होतो, म्हणजे स्टिअरिंग आपोआप सरळ यायची जी सवय असते ती जाते. त्यात मोठे टायर घातलेले आणि किंगपिनचे, म्हणजे चाक ज्यावर वळतं त्या पिनचे, बेअरिंग ढिले. जुन्या हायवेने लोणावळ्याहून येत होतो, कामशेतजवळ ७० च्या स्पीडला एका जॉईंटवरून चाक गेलं आणि स्टिअरिंग असं थडथडायला लागलं की हातातून सुटत होतं, डॅशबोर्ड दिसेना. ब्रेक दाबला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही, ॲक्सिलरेटर सोडून स्टिअरिंग नुसतं धरून ठेवलं, गाडी आपोआप हळू होत कडेला आली. शेजारी मेव्हणा होता, तो तळेगावपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी शॅकल काढून टाकली.

तेव्हा तुझ्यासाठी क्रम असा. आधी पाटे आणि बुश, किंगपिन बेअरिंग तपासणं, चांगले शॉकॲब्सॉर्बर. मग टायर. आणि दगडात गेल्यावर हवा ३० वरून १८ ते २० वर आणायची, हे फुकट आहे आणि माझ्या मते यासारखं सस्पेन्शन दुसरं नाही, टायर दगडाला मिठी मारतो. १५ च्या खाली जाऊ नको, रिमवरून टायर निघतो. कंप्रेसर जवळ पाहिजेच, कमी हवेवर डांबरी रस्त्याने घरी यायचं नाही. एवढं करून एक पावसाळा चालव. त्यानंतरही चासी टेकत असेल तर दीड दोन इंचाचे जास्त कमान दिलेले पाटे करून घे, स्प्रिंग ओव्हर तरीही नको. ते दोघं निघून गेले ते उंचीमुळे गेले की त्यांना लाइन कशी घ्यायची ते कळत होतं, हे पण एकदा त्यांच्या मागे चालत जाऊन बघ.

माझ्याकडे २०२१ ची थार आहे, डिझेल. एकाने दोन इंचाचा स्पेसर किट स्वस्तात देतो म्हणून सांगितलंय, स्प्रिंग तीच राहते, वॉरंटीला काही होत नाही असं म्हणतो. घ्यावा का? (नाशिक)

स्पेसर म्हणजे शॉक आणि स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवलेली ठोकळी. गाडी वर जाते, पण चाकाची वर खाली जायची एकूण हालचाल जेवढी होती तेवढीच राहते, उलट गाडी उभी असतानाच चाक खाली लोंबायला लागतं, म्हणजे खड्ड्यात खाली जायला जी जागा शिल्लक पाहिजे ती तुम्ही उभ्या उभ्या खर्च करून बसता. खड्डा आला की चाक खालच्या टोकाला जाऊन खटकन आपटतं. दिसायला उंच, चालायला आधीपेक्षा वाईट.

२०२० नंतरच्या थारला मागे अख्खा ॲक्सल आणि कॉईल स्प्रिंग आहे, पण पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र. तिथे अजून एक गोष्ट लक्षात घ्या, स्ट्रट, म्हणजे शॉक आणि स्प्रिंगची जोडी, खालच्या आर्मच्या मधे कुठेतरी बसलेला असतो, टोकाला नाही, त्यामुळे वर एक इंचाचा स्पेसर घातला की चाकापाशी उंची दीडपट, कधी जवळपास दुप्पट होते. लोक दोन इंच मागतात आणि खरंच दोन इंचाची ठोकळी घालून घेतात. मग सीव्ही जॉईंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा सांधा, वाकड्या कोनात फिरतो, त्याचा रबरी बूट फाटतो, आत चिखल जातो, आणि वळताना कटकट आवाज सुरू झाला की समजायचं खर्च आला. वरच्या आर्मचा बॉलजॉईंट पण शेवटाला टेकतो.

वॉरंटीबद्दल त्या माणसाचं ऐकू नका, सर्व्हिस सेंटरला जाऊन तुमच्या वॉरंटी बुकातला मजकूर त्यांच्यासमोर वाचा आणि उत्तर लेखी घ्या.

थारला जमिनीपासूनचा कंपनीचा क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे, वॉटर वेडिंग, म्हणजे किती खोल पाण्यातून जाते ते, ६५० मिलिमीटर. खरं सांगू का, नाशिकहून इगतपुरी, त्र्यंबक, हरिहरच्या बाजूला जायला यात काही कमी नाहीये. तुम्ही पुढे लोखंडी बंपर आणि विंच, म्हणजे अडकलेली गाडी ओढायची चरखी, लावलीय का ते लिहिलं नाही, लावली असेल तर पुढे सत्तर ऐंशी किलो सहज वाढलेत आणि नाक खाली बसलं असेल, तेव्हा मात्र त्या वजनाला साजेशी स्प्रिंग आणि शॉक असा जोडीचा सेट घ्या, उंची इंच सव्वा इंचाच्या वर नको. विंच नसताना हेवी ड्यूटी स्प्रिंग घेऊ नका, रिकाम्या गाडीत ती दबतच नाही, दात वाजतात आणि चाक जमीन सोडतं.

काका, आमच्याकडे जुनी एमएम ५४० आहे, वडिलांच्या वेळची. शेतात जायची वाट काळ्या मातीची, पावसाळ्यात दोन महिने गाडी जात नाही. सस्पेन्शन उचलून घेतलं तर जाईल का? (परभणी)

नाही जाणार, भाऊ, आणि तुमचे पैसे वाचावेत म्हणून स्पष्टच सांगतो. काळी माती ओली झाली की टायरच्या नक्षीत बसते आणि चार फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो, गाडी कितीही उंच असली तरी. तुम्हाला मोठ्या गाळ्याचे मड टायर लागतील, रुंद नको, अरुंदच, ते चिखल कापून खालच्या घट्ट थराला पोचतात. जीपचे चारही पाटे उघडून ग्रीस करा, पुण्याच्या मित्राला वर लिहिलंय तसंच. लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं यंत्र, बसवता आला तर मागे बसवा, कारण ओपन डिफरन्शियलमधे जे चाक घसरतं त्यालाच सगळा फिराव मिळतो. आणि जमलं तर वाटेच्या त्या खोलगट जागेत मुरूम टाका, बाकी कशाहीपेक्षा तोच कामाला येईल. वडिलांची जीप आहे, तिची चासी कापू वाकवू नका.

माझी पाच दरवाजांची जिम्नी आहे, मी स्वतः चालवते. दोन इंचाचा पूर्ण किट लावला, स्प्रिंगा आणि शॉक दोन्ही, चांगल्या कंपनीचे. तेव्हापासून ८० च्या पुढे स्टिअरिंग हलकं हलकं वाटतं, गाडी तरंगल्यासारखी, आणि सरळ जाताना स्टिअरिंग थोडं तिरकं असतं. एकदोनदा कुंभार्ली घाटात वळणावर गाडीने आपोआप ब्रेक मारल्यासारखं झालं. मेकॅनिक म्हणतो सवय होईल. (चिपळूण)

ताई, सवय होऊ देऊ नका. किट चांगला असेल, पण काम अर्ध्यावर सोडलंय आणि तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं एकमेकांशी जोडलेली आहेत.

जिम्नीचा पुढचा ॲक्सल दोन रेडियस आर्मवर टांगलेला असतो. गाडी वर गेली की आर्म खाली झुकतात आणि त्यांच्याबरोबर ॲक्सल थोडा पुढे कलतो, कॅस्टर कमी होतो. माझ्या जिप्सीचं जे झालं तेच, वेगळ्या वाटेने. तरंगल्यासारखं वाटतंय ते त्यामुळे. त्यासाठी आर्ममधे मुद्दाम मध्यावरून भोक सरकवलेले करेक्शन बुश मिळतात, ते बसवायचे.

दुसरं, ॲक्सलला डाव्या उजव्या बाजूला धरून ठेवणारा एक आडवा लॅटरल रॉड असतो, पुढे एक मागे एक. रॉडची लांबी तीच, आणि गाडी वर गेली, मग रॉड तिरका होऊन ॲक्सलला एका बाजूला ओढतो. मागून उभं राहून बघा, दोन्ही मागच्या टायरची बॉडीपासूनची बाहेर आलेली बाजू सारखी आहे का. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडा, दोऱ्याला दगड बांधला तरी चालतं, आणि दोन्हीकडे दोरा ते टायर अंतर मोजा. फरक असेल तर कमी जास्त करता येणारा रॉड लावून घ्या.

तिसरं महत्त्वाचं. स्टिअरिंग तिरकं राहतंय ते ड्रॅग लिंकची लांबी परत सेट न केल्यामुळे. आणि जिम्नीला ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा, आहे, गाडी स्टिअरिंग किती वळलंय ते सेन्सरने बघते, तुम्ही सरळ चाललात तरी तिला वाटतं तुम्ही वळताय, मग ती एखाद्या चाकाला ब्रेक लावते. घाटात जे झालं ते बहुतेक हेच. ड्रॅग लिंक सेट करून स्टिअरिंग मधोमध आणायचं, मग अलाइनमेंटच्या मशीनवर घेऊन जा आणि छापील रिपोर्ट मागा, त्यात कॅस्टरचा आकडा दोन्ही चाकांचा बघा, कंपनीच्या मर्यादेत आला पाहिजे. नुसतं टो, म्हणजे चाकांचं तोंड आत बाहेर किती ते, सेट करून दिलं तर घेऊ नका. हेडलाइटचा फोकस पण खाली करून घ्या, दोन इंच वर गेलाय, समोरच्याच्या डोळ्यात जातो. तोपर्यंत गाडी ६० च्या वर नको, आणि घाटात तर नकोच.

जुनी थार सीआरडीई, २०१५. पुढचा टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी, आवळून दोन इंच मिळतात म्हणे, खर्च शून्य. बरोबर आहे का? (नागपूर)

मिळतात, पण बार आवळल्याने बार काही कडक होत नाही, आर्म फक्त खाली ढकलला जातो आणि वरचा आर्म खालच्या रबरी स्टॉपरला जाऊन टेकतो, मग प्रत्येक खड्ड्यात तो दणका तुमच्या पाठीत येतो. वर थारच्या उत्तरात लिहिलेली सीव्ही जॉईंटची कहाणी इथेही लागू. वयामुळे गाडी पुढे बसली असेल तर मूळ उंचीपर्यंत आवळा, अर्धा इंच वर चालेल, पुढे नको. आवळल्यावर अलाइनमेंट करायचंच.

लिफ्ट केलेली गाडी पोलिसांनी पकडली तर काय होतं? ग्रुपमधे कोणी म्हणतं काही होत नाही, कोणी म्हणतं गाडी जप्त. (ठाणे)

हा विषय टाळून चालणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या आणि आरसीवर असलेल्या माहितीशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मधे सुप्रीम कोर्टाने हीच गोष्ट निकालात ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ अ नव्याने लिहिलं गेलं, त्याच्या चौथ्या पोटकलमात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही असं आहे. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात ठेवा.

मला दंडापेक्षा इन्शुरन्सची जास्त काळजी वाटते, कारण दंड भरून माणूस सुटतो पण अपघातात तिसऱ्या माणसाला लागलं आणि इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने गाडीखाली वाकून बघितलं तर काय. म्हणून बदल करायच्या आधी आरटीओत आणि इन्शुरन्स कंपनीत दोन्हीकडे विचारा. पाटे साफ करणं, बुश, त्याच मापाचे चांगले शॉक, त्याच मापाचे चांगल्या नक्षीचे टायर, ही देखभाल आहे, यात कसली भीती नाही, आणि बघा, माझ्या वरच्या बहुतेक उत्तरांमधे पहिली कामं हीच आहेत. गोव्यात २०१४ पासून रेनफॉरेस्ट चॅलेंज या ऑफरोड स्पर्धेची भारतातली फेरी होतेय, तिथल्या उंच गाड्यांचे फोटो बघून लोकांना वाटतं आपणही रोजच्या गाडीला तसं करावं, पण त्या गाड्या स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात आणि ट्रकवर घालून नेतात.

आणि याच प्रश्नाला जोडून एक, गाडी उंच झाली म्हणून सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, घालू नका. पावसाळ्यात सड्यावरच्या दोन बोटं मातीत जी फुलं येतात ती टायरच्या एका चाकोरीने कित्येक वर्षं जातात. वाट असेल तिथेच गाडी.

काम करून आणल्यावर गॅरेजवाल्याने नीट केलंय का ते घरच्या घरी कसं तपासायचं? (सातारा)

हा प्रश्न मला सगळ्यात आवडला. सपाट जागेवर गाडी उभी करा, हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढचं एक चाक जॅकने उचलत जा, हळूहळू, खाली लाकडी ठोकळे ठेवत, मागचं त्याच बाजूचं चाक हलकं व्हायला लागेपर्यंत. आता टॉर्च घेऊन बाजूने बघा, गाडीखाली शिरू नका. खाली लोंबलेल्या चाकाचा ब्रेक होज बघा, तो सैल पाहिजे, तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणला असेल तर एक दिवस डोंगरात तुटणार आणि ब्रेक जाणार. एबीएसची वायर असेल तर ती, ॲक्सलच्या ब्रीदरचा, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारा, पाईप, दोन्ही तसेच बघा. दबलेल्या बाजूला टायर मडगार्डला किंवा पाट्याला घासतोय का, तिथून कोणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवायला सांगा. शॉक पूर्ण दबायच्या आधी बंप स्टॉप टेकला पाहिजे, नाहीतर शॉकच स्टॉपरचं काम करतो आणि त्याचा रॉड वाकतो. मग चारही कोपऱ्यांवर असंच. शेवटी गाडी खाली घेऊन प्रत्येक कोपरा जोर लावून दाबा आणि सोडा, एकदा वर येऊन गप्प बसली पाहिजे, झुलत राहिली तर शॉक गेलेत, नवीन असले तरी.

पाट्यांचं काम असेल तर पाटे ॲक्सलला आवळणारे यू बोल्ट नवीनच घातलेत ना ते विचारा, एकदा ताणलेला यू बोल्ट परत वापरायचा नसतो. आणि शंभर किलोमीटर झाले की एकदा, पाचशे झाले की परत एकदा टॉर्क रेंचने आवळून घ्या, पाटे बसतात तसे ते ढिले होतात. नटावर आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या पेंटची एक रेघ मारून ठेवा, रेघ तुटलेली दिसली की कळतं नट फिरलाय, मी प्रत्येक ट्रिपच्या आधी तेवढं वाकून बघतो.